वाचक विचारतात : पळताना गाणी कशावर ऐकायची आणि अंतर कशानं मोजायचं?

मागच्या वेळी बुटांवर लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर होती : गाणी आणि ट्रॅकिंग. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पत्रं थोडी छोटी केली आहेत, प्रश्न तेच ठेवलेत.

ताई नमस्कार. सहा महिने झाले पळतोय, आठवड्यातून चार दिवस, ५ ते ८ किलोमीटर. आतापर्यंत फोन हातात धरूनच पळायचो, त्यावरच गाणी आणि त्यावरच ॲप. आता खांदा अवघडायला लागलाय. दोन्ही कामं करणारं एकच काहीतरी घ्यायचंय. घड्याळ घेऊ, छोटा प्लेअर घेऊ, का फोनच दंडाला बांधू? पाच जणांनी पाच सल्ले दिलेत.

आधी मला एक सांगा, निम्म्या वाटेत गाणी बंद पडली तर तुम्हाला पळवेनासं होतं, का ट्रॅकिंग बंद पडलं तर? याचं उत्तर खरंखुरं द्या, कारण सगळी निवड तिथूनच सुरू होते. दोन्ही कामं करणाऱ्या वस्तूत एक काम नेहमी मनापासून केलेलं असतं आणि दुसरं नंतर जोडलेलं असतं.

हे मी उगाच म्हणत नाही, या वस्तू आल्याच तशा. वॉकमन १९७९ मध्ये आला, आयपॉड २००१ मध्ये, दोन्ही फक्त गाण्यांसाठी. २००६ मध्ये नाइके आणि ॲपलनं मिळून बुटात ठेवायचा एक छोटा सेन्सर काढला, आयपॉड नॅनोला खाली एक रिसीव्हर लावायचा आणि मग गाणं चालू असतानाच कानात अंतर आणि पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ऐकू यायचा. त्यात जीपीएस नव्हतं, पाऊल जमिनीला किती वेळ टेकतंय यावरून हिशोब व्हायचा. २०११ मध्ये तर नॅनोला बुटातल्या सेन्सरचीही गरज उरली नाही. पण २०१७ मध्ये नॅनो आणि त्याहून छोटा आयपॉड शफल दोन्ही बंद झाले. दुसऱ्या बाजूला गार्मिन कंपनीचं फोररनर घड्याळ २००३ पासून मनगटावर जीपीएस देत होतं, त्यात गाणी यायला २०१८ उजाडलं. म्हणजे आज ज्याला आपण म्युझिकवालं रनिंग वॉच म्हणतो ते मुळात ट्रॅकिंगचं यंत्र आहे, त्यात गाणी ठेवायला जागा केलीय. आणि फोन हे मुळात सगळ्याचंच यंत्र आहे, फक्त पळण्यासाठी बनवलेलं नाही.

फोनचं म्हणाल तर ट्रॅकिंग चांगलं होतं, गाणी चांगली वाजतात, अडचणीत फोन करता येतो, हे मोठं आहे. त्रास त्याच्या वजनाचा. केस धरून दोनशे ग्रॅमच्या आसपास वजन एका हातात घेऊन पाऊण तास पळलं की तो हात कमी हलतो, खांदा वर चढतो, तुमचा खांदा त्यामुळेच अवघडला असणार. दंडाला बांधला तर वजन त्याच बाजूला राहतं, पट्टा घामानं खाली सरकतो, आणि दर किलोमीटरला तो वर ओढायची सवय लागते. बांधायचाच तर कमरेला बांधा, ताणता येणारा, न हलणारा बेल्ट मिळतो तो, पाठीच्या खालच्या बाजूला. तिथं फोन जाणवतच नाही.

घड्याळाचं म्हणाल तर विकत घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा, बाकी फीचर्सची यादी दुकानदार तुम्हाला वाचून दाखवेलच. पहिली, तुमची गाणी त्यात जाणार का. स्ट्रीमिंग ॲपवर डाउनलोड केलेली गाणी ही तुमची फाइल नसते, ती त्याच ॲपमध्ये वाजते, उचलून दुसरीकडे टाकता येत नाही. त्यामुळे तुम्ही जे ॲप वापरता ते त्या घड्याळावर ऑफलाइन चालतं का हे नाव घेऊन विचारा. स्वतःच्या एमपीथ्री असतील तर कॉम्प्युटरवरून टाकता येतात का तेही विचारा. दुसरी, बॅटरीचा आकडा. डब्यावर मोठ्या अक्षरात दिवस लिहिलेले असतात, ते नुसतं घड्याळ म्हणून घातल्याचे. आपल्याला लागतात तास, आणि तेही जीपीएस आणि गाणी दोन्ही चालू असतानाचे, तो आकडा नुसत्या जीपीएसच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. तुमच्या ८ किलोमीटरला काहीही पुरेल, पण उद्या मॅरेथॉनची हौस आली तर पाच तास लागतील.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे बटणं. टचस्क्रीन दुकानात छान वाटते कारण तिथं बोट कोरडं असतं. चार किलोमीटर झाल्यावर अंगठा ओला असतो, काचेवर घामाचे थेंब असतात, तुम्ही पुढचं गाणं लावायला जाता आणि रनच पॉज होतो. माझ्याबरोबर हे पावसात झालंय, कोणी हातही लावला नव्हता, थेंबांनीच स्क्रीन सरकवली आणि दोन किलोमीटर नोंदवलेच गेले नाहीत. त्या दिवसापासून माझा नियम एकच, जे न बघता चालवता येतं तेच घ्यायचं. दुकानात घड्याळ हातात घातलं की नजर समोर ठेवा आणि सुरू, थांब, लॅप, पुढचं गाणं, आवाज कमी, एवढं करून बघा. जमलं तर घ्या.

स्वतः मी दोन वेगळ्या वस्तू वापरते. मनगटावर साधं जीपीएस घड्याळ, त्यात गाणी नाहीत. आणि कॉलरला चिमट्यानं अडकवलेला छोटा एमपीथ्री प्लेअर, काडेपेटीपेक्षा लहान, मधल्या बटणावर एक उंचवटा आहे तो अंगठ्याला बरोबर सापडतो. एक बिघडलं तरी दुसरं चालू राहतं. पण तुम्हाला एकच वस्तू हवी आहे, फोन घरी ठेवायचा असेल, तर तुमच्यासाठी बटणांचं, म्युझिकवालं जीपीएस घड्याळ. सोबत ब्लूटूथ ईअरबड्स लागतील, आणि घड्याळ घ्यायच्या आधी महिनाभर कमरेचा बेल्ट वापरून बघा, कदाचित तेवढ्यावरच काम भागेल.

हाफ मॅरेथॉनमध्ये माझ्या घड्याळात २१.४ किलोमीटर भरले, मैत्रिणीच्या फोनमध्ये २१.२५. आयोजकांनी अंतर चुकीचं मोजलं का? आणि आमच्या दोघींत बरोबर कोण?

आयोजकांना दोष देऊ नका. अधिकृत शर्यतीचा रस्ता जीपीएसनं मोजतच नाहीत, सायकलच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं यंत्र लावून मोजतात, आणि वळणांवरून सगळ्यात जवळची रेघ धरून मोजतात. शिवाय रस्ता चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरतात, म्हणजे हाफच्या २१.०९७५ मध्ये आणखी साधारण २१ मीटर. आता तुम्ही पळताना काय करता, पाण्याच्या टेबलाकडे वळता, पुढच्याला ओलांडायला बाहेरून जाता, वळणावर गर्दी असते म्हणून लांबून जाता. तुमचे पाय खरोखरच जास्त पळालेले असतात. दोघींचे आकडे २१.१ च्या वर आहेत यात काही नवल नाही.

राहिला तुमच्या दोघींमधला फरक. जीपीएसचं घड्याळ उपग्रहांकडून आलेल्या सिग्नलला किती वेळ लागला यावरून तुम्ही कुठे आहात ते काढतं. उंच इमारतींमध्ये तो सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा पोचतो, मग घड्याळाला वाटतं तुम्ही रस्त्यापलीकडे आहात, पुढच्या सेकंदाला वाटतं अलीकडे, आणि नकाशावर रेघ दारू प्यायल्यासारखी वाकडीतिकडी होते, प्रत्येक वाकडेपणाचे चार-पाच मीटर जमा होत जातात. दाट झाडीत, पुलाखाली हेच होतं. नव्या काही घड्याळांत दोन फ्रिक्वेन्सी वापरतात, १५७५.४२ आणि ११७६.४५ मेगाहर्ट्झ, त्यानं आपटून आलेला सिग्नल ओळखता येतो आणि रेघ बरीच सरळ होते. इमारतींमधूनच रोज पळत असाल तर अशा दोन फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे ड्युअल बँड घड्याळासाठी जास्त पैसे द्यायला हरकत नाही, मोकळ्या रस्त्यावर पळत असाल तर देऊ नका, फरक फार दिसणार नाही. अमेरिकेच्या जीपीएससोबत रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बायडू यांचे उपग्रह पकडणं हे आता जवळजवळ सगळ्याच घड्याळांत असतं, त्यावर वेगळे पैसे मोजू नका.

आणि एक, घराबाहेर पडल्या पडल्या स्टार्ट दाबू नका. मोकळ्या आकाशाखाली उभं राहा, सिग्नल मिळाल्याची खूण येऊ दे, हवं तर अजून मिनिटभर थांबा, तेवढ्यात बुटाची लेस बांधून होते. सुरुवातीचा पहिला किलोमीटर चुकीचा येतो तो बहुतेक या घाईमुळेच.

चारशे मीटरच्या ट्रॅकवर मात्र कुठलाच आकडा डोळे मिटून मानू नका. सतत वळणं असतात आणि घड्याळ ती कापून पुढे जातं. चारशे मीटर ही फक्त आतल्या लेनची लांबी आहे, आठव्या लेनमध्ये तोच राऊंड साडेचारशेच्या वर जातो. तिथं राऊंड मोजा आणि लॅपचं बटण दाबा.

सावकाश पळतोय, गप्पा मारता येताहेत, तरी घड्याळ हार्ट रेट १७२ दाखवतं. वय ४६. घाबरायचं का?

तुम्हाला बोलता येतंय, छातीत काही होत नाही, चक्कर नाही, तर आधी घड्याळावर संशय घ्या. मागचा हिरवा दिवा बघितलात ना, रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो, त्यावरून ठोके मोजले जातात. घड्याळ सैल असेल तर दर पावलाला ते उडतं आणि तो हेलकावाच ठोका म्हणून मोजला जातो. तुमचा केडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, बघा, ती १७० च्या आसपास असतील तर तुम्हाला हार्ट रेट म्हणून पावलंच दिसताहेत. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घ्या, पट्टा एक भोक घट्ट करा, थंडी असेल तर थोडं वॉर्मअप करून मग बघा, थंडीत त्वचेतलं रक्त कमी होतं आणि सेन्सरला काही सापडत नाही. तरीही तसंच आलं तर छातीला बांधायचा पट्टा घ्या. तो प्रकाशावर नाही, हृदयाच्या विद्युत सिग्नलवर चालतो. पोलार कंपनी १९८० च्या दशकापासून असे वायरलेस पट्टे बनवतेय आणि इंटरव्हल, म्हणजे थोडं जोरात मग थोडं सावकाश असं आलटूनपालटून पळणारे लोक आजही हाच पट्टा बांधतात. फक्त बांधायच्या आधी आतली बाजू पाण्यानं ओली करा, कोरडा बांधला तर पहिली दहा मिनिटं आकडे चुकतात.

छातीच्या पट्ट्यावरही तेच आले तर मात्र डॉक्टरांना दाखवा. आणि छातीत दुखणं, दम लागणं असं काही झालं तर पट्ट्याची वाट बघू नका, पळणं थांबवा आणि लगेच जा. २२० वजा वय हा जास्तीत जास्त हार्ट रेटचा सर्वांना माहीत असलेला हिशोब आहे पण माणसागणिक त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो, म्हणून त्या आकड्यावरून स्वतःला आजारी ठरवू नका, तसंच निरोगीही ठरवू नका.

ईअरबड्स सारखे पडतात. वायरवाले घेऊ का?

वायर घेतलीत तर ती शर्टाच्या आतून घ्या, नाहीतर हाताला अडकते आणि दर पावलाला टक टक आवाज कानात येतो. पण आधी रबरी टोप्या बदलून बघा, डब्यात तीन मापं येतात आणि बहुतेक जण मधलीच ठेवतात, दोन कानांना दोन वेगळी मापं लागणंही अगदी सामान्य आहे. तरी पडले तर कानावरून हुक येतो तसले घ्या. ब्लूटूथ तुटत असेल तर घड्याळ आणि ज्या बाजूच्या बडला सिग्नल येतो ती बाजू एकच ठेवून बघा, आपलं शरीर बरंचसं पाणी आहे आणि पाण्यातून तो सिग्नल नीट जात नाही.

मुलगी १७ वर्षांची आहे, पहाटे एकटी पळायला जाते, कानात गाणी, रस्ता वाहता. गाणी बंद कर म्हटलं तर ऐकत नाही. फोनही नेत नाही, म्हणते घड्याळात सगळं आहे. काय करू?

ताई, तुमची काळजी बरोबर आहे आणि तिची गाण्यांची हौसही. मला वाटतं मध्ये रस्ता आहे. कानात खोल बसणारे, बाहेरचा आवाज बंद करणारे बड्स रस्त्यावर नकोतच, नॉइज कॅन्सलेशन तर अजिबात नको. बोन कंडक्शनचे हेडफोन मिळतात, ते कानात जात नाहीत, कानापुढच्या हाडावर बसतात आणि हाडातून आवाज आत पोचवतात, कान मोकळा राहतो, मागून आलेली सायकलही ऐकू येते. बास कमी वाटतो, हे तिला आधीच सांगा म्हणजे ती नाराज होणार नाही. आणि ती समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं पळते ना, एवढं बघा.

आवाजाचंही बोला तिच्याशी. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी ८० डेसिबल आणि आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, मुलांसाठी ७५ डेसिबल. ९० डेसिबलला मोठ्यांचा आठवड्याचा कोटा ४ तासांतच संपतो. वाहनांच्या आवाजावर गाणं चढवायचं म्हणून आवाज वाढत जातो, कान मोकळे असले तरी हा मोह होतोच, म्हणून फोनमध्ये किंवा घड्याळात आवाजाची कमाल मर्यादा लावून ठेवा.

आता घड्याळाचं. बहुतेक घड्याळांत जीपीएस असतं पण त्याचं स्वतःचं सिम नसतं. म्हणजे ती कुठे आहे हे घड्याळाला कळतं, तुम्हाला कळवायला त्याला फोन लागतो. स्वतःचं मोबाइल कनेक्शन असलेलं घड्याळ असेल आणि ते चालू केलेलं असेल तरच फोनशिवाय लाइव्ह लोकेशन येतं. तुमच्या घरातलं कुठलं आहे ते आजच बघा. नसेल तर फोन कमरेला, यावर मात्र ठाम राहा.

आणखी एक गोष्ट जी आईवडिलांच्या लक्षात येत नाही. ती रन ॲपवर टाकते का, आणि कोणाला दिसतो? २०१८ मध्ये स्ट्रावा या व्यायाम नोंदवायच्या ॲपच्या जगभराच्या नकाशावरून लष्करी तळांवरच्या पळण्याच्या वाटा लोकांना दिसल्या होत्या, तिथल्या जवानांनी फक्त आपला व्यायाम नोंदवला होता. रोज एकाच दारातून सुरू होणारी रेघ घर सांगते आणि वेळही सांगते. सेटिंगमध्ये सुरुवात आणि शेवट लपवता येतो, रन फक्त ओळखीच्यांना दाखवता येतो. दोघी मिळून पाच मिनिटं बसा आणि ते करून टाका.

डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलं होतं, तरी तीन महिन्यांत प्लेअर बंद पडला. कंपनी म्हणते ओलाव्यानं गेला, वॉरंटी नाही.

माझाही एक असाच गेला आणि उत्तरही हेच मिळालं, त्यामुळे तुमचा राग मला समजतो. वॉटरप्रूफ हा शब्द वाचू नका, आकडा वाचा. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतील. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण या चाचण्या साध्या पाण्याच्या आहेत, घामात मीठ असतं. माझा प्लेअर उलटा करून बघितला तर चार्जिंगच्या पिना हिरव्या झालेल्या, घाम तसाच ठेवून रोज चार्जिंगला लावत होते आणि ओल्या पिनांत वीज गेली की गंज फार लवकर धरतो. आता घरी आल्यावर ओल्या फडक्यानं पुसते, मग कोरड्यानं, आणि अंघोळ होईपर्यंत चार्जर लावत नाही. इअरफोनच्या भोकाला रबरी झाकण नसेल तर प्लेअर उलटा, म्हणजे भोक खाली येईल असा अडकवा, मानेवरचा घाम वायरवरून थेट त्यात उतरतो.

गाण्यांशिवाय पळायला शिकावं का? ग्रुपमधले म्हणतात गाणी म्हणजे कुबड्या.

कुबड्या अजिबात नाहीत. ब्रुनेल विद्यापीठातले कॉस्टास कारागिओर्गिस यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय, हलक्या आणि मध्यम वेगात गाण्यांमुळे तेच कष्ट कमी वाटतात, वेग फार वाढला की हा परिणाम घटतो. म्हणून सावकाशच्या लाँग रनला गाणी लावा, जोरदार इंटरव्हलला नाही लावली तरी चालेल, तेव्हा तुमचं लक्ष श्वासाकडेच असतं. शर्यतीला मात्र नियम वाचून जा, जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमात स्पर्धेत अशी साधनं जवळ बाळगणं ही मदत धरली जाते, हौशी धावकांना बऱ्याच ठिकाणी सूट असते पण सगळीकडे नाही.

माझ्याकडे जुना आयपॉड नॅनो आहे. त्यात बाबांनी भरून दिलेली गाणी आहेत, ते आता नाहीत. अजून त्याच्यावरच पळते. बॅटरी चाळीस मिनिटं टिकते. सगळे म्हणतात नवीन घड्याळ घे आणि हा ठेवून दे. तुम्ही काय म्हणता?

पळत राहा त्याच्यावर. ट्रॅकिंगसाठी साधं, गाणी नसलेलं जीपीएस घड्याळ घ्या, दोन वस्तू अगदी छान जमतात, मी तेच करते.

पण एक काम आज रात्रीच करा. तो नॅनो नवीन कॉम्प्युटरला जोडला आणि सिंक करू का असं विचारलं तर हो म्हणू नका, त्यातली गाणी पुसून कॉम्प्युटरवरची भरली जाऊ शकतात. आयट्यून्समध्ये किंवा मॅकवर फाइंडरमध्ये डिस्क म्हणून वापरण्याचा पर्याय असतो, तो चालू केला की नॅनो पेनड्राइव्हसारखा उघडतो. लपवलेल्या फाइली दाखवा असं सेटिंग केलं की आत म्युझिकचा फोल्डर दिसेल, त्यात चार-चार अक्षरांच्या विचित्र नावांच्या फाइली असतील. घाबरू नका, तीच तुमची गाणी आहेत, गाण्याचं नाव फाइलच्या आत असतं. सगळा फोल्डर कॉपी करा, दोन ठिकाणी ठेवा.

बॅटरी बदलून मिळते, जुनी यंत्रं उघडणारा सवयीचा कारागीर शोधा, ती आत सोल्डर केलेली असते त्यामुळे घरी प्रयत्न नको. आणि काच किंवा मागची बाजू जरा जरी फुगल्यासारखी वाटली तर चार्जिंग त्या क्षणी बंद. फोल्डर कॉपी झाला की मला कळवा, मी वाट बघते.